फेब्रुवारीत ३०० रुपये का कापतात?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात एक बारीकशी ओळ असते : ‘पी. टी. २००’. भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकर, पतपेढीचा हप्ता या मोठ्या आकड्यांच्या गर्दीत ती नजरेत भरत नाही. फेब्रुवारीत मात्र तिथे २००च्या जागी ३०० दिसतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘अहो, या महिन्यात १०० रुपये जास्त का कापले?’ त्यावर लेखा विभागाचं उत्तर ठरलेलं : ‘फेब्रुवारी आहे ना.’

हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला. दुष्काळात होरपळलेल्या खेड्यांतल्या मजुरांना काम देण्यासाठी पैसा उभा करायचा, हा त्यामागचा हेतू होता. मुंबईच्या कचेरीतला कारकून आणि माणदेशात नालाबांधावर माती वाहणारी बाई यांना त्या ओळीने एकमेकांशी जोडलं. कारकुनाला ते बहुधा ठाऊक नव्हतं. बाईलाही नव्हतं.

आज त्याच कचेरीत जेवणाच्या सुट्टीत सरकारी योजनांचा विषय निघाला की सूर वेगळा लागतो. ‘आम्ही कर भरायचा आणि यांना फुकट वाटायचं’, ‘रेशनचं धान्य विकून खातात’, ‘शेतावर मजूर मिळत नाही, कारण घरबसल्या पैसे मिळतात’. बोलणारी माणसं दुष्ट नसतात. यांतलेच कितीतरी जण पूर आला की कपड्यांची गाठोडी बांधून पाठवतात, मोलकरणीच्या मुलाची फी भरतात. मग सरकारी मदत म्हटली की तीच माणसं कडवट का होतात? आणि सगळ्याच योजनांवर का होत नाहीत? एसटीच्या अर्ध्या तिकिटावर कुणी फारसं चिडत नाही. रेशनवर चिडतात.

माझं म्हणणं असं की या रागाचं मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा योजनांच्या बांधणीत जास्त आहे. योजना कशी बांधली, यावर लोक तिला हक्क म्हणणार की खैरात, हे बरंचसं ठरतं. कसं, ते पाहू.

चौकट : फेब्रुवारीचा हिशेब
पी. टी. म्हणजे व्यवसाय कर. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानुसार हा कर एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये घेता येतो. १९८८च्या ६०व्या घटनादुरुस्तीआधी ही मर्यादा फक्त २५० रुपये होती. ११ महिने दरमहा २०० म्हणजे २,२०० रुपये. राहिलेले ३०० आर्थिक वर्ष सरण्याआधी, फेब्रुवारीत.

मागेल त्याला काम

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मिलो आठवतो. रेशनवर मिळणारी ती अमेरिकेतली लाल ज्वारी. खडी फोडायची कामं आठवतात, कामावर मिळणारी सुकडी आठवते. मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हातावर पोट असलेलेच नव्हे, तर एरवी स्वतःच्या शेतावर मजूर लावणारे शेतकरीही पाटी-फावडं घेऊन त्या रांगेत होते.

पण कामाची हमी ही कल्पना दुष्काळाच्या आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात १९६५च्या सुमारास तिचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२मध्ये तिला रोजगार हमी योजनेचं रूप आलं. १९७७मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. गावातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक झालं. ठरल्या मुदतीत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा तिथली.

या योजनेत एक गोष्ट फार हुशारीने केलेली होती. काम मागणाऱ्याला ‘तू गरीब आहेस का?’ असं कुणी विचारतच नव्हतं. उत्पन्नाचा दाखला नाही, दारिद्र्यरेषेची यादी नाही. नाव सांगा, अर्ज द्या, कामावर या. मग श्रीमंत माणूस घुसला तर? तो घुसणार नाही, कारण एप्रिलच्या उन्हात दिवसभर माती खणायची, तीही मापाने. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजून मजुरी. ज्याच्याकडे दुसरा बरा मार्ग आहे, तो त्या उन्हात उभा राहत नाही. गरजू कोण, हे तलाठ्याने ठरवायचं नव्हतं. ते काम स्वतःच ठरवत होतं.

शहरातल्या माणसाला हे पटायला सोपं गेलं. घाम गाळून मिळवलेल्या पैशाला कुणी फुकट म्हणत नाही. दुष्काळी भागातली माणसं गावातच काम मिळून थांबली तर मुंबई-पुण्याच्या पदपथांवर येणार नाहीत, हाही विचार होता. तो लपवण्याचं कारण नाही. मोठा शेतकरीही पुरता विरोधात गेला नाही. मजुरी वाढते म्हणून तो कुरकुरला, पण पाझर तलावाने पाणी वाढायचं ते त्याच्याच विहिरीचं. पुढे १९९०मध्ये फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली तेव्हा कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले. देणारा, घेणारा आणि मधे बसलेला, तिघांनाही काही ना काही मिळालं, म्हणून योजना टिकली.

तिच्यात खोट नव्हती असं मुळीच नाही. खोटी हजेरीपत्रकं निघाली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, अर्धवट सोडलेले रस्ते आजही गावोगाव दिसतात. आणि एक मोठी उणीव तिच्या रचनेतच होती. जी व्यक्ती खणूच शकत नाही, तिचं काय? म्हातारी, आजारी, अपंग? त्यांच्यासाठी १९८०मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिथे मात्र काम ही कसोटी लावता येत नव्हती. म्हणून कागद आला.

चाळणीचं गणित

घरात गहू चाळताना आपण चाळण निवडतो. भोकं मोठी असली तर गव्हाबरोबर खडेही खाली येतात. बारीक भोकांची चाळण घेतली तर खडे वर राहतात, पण त्यांच्याबरोबर चांगला गहूही राहतो. एकही खडा येऊ न देणारी आणि एकही दाणा न अडवणारी चाळण अजून कुणी केलेली नाही. कल्याणकारी योजनांची पात्रता ही अशीच एक चाळण आहे.

समजा, एका मोठ्या गावात १,००० घरं आहेत. त्यांतली ३०० खरोखर गरजू. अटी सैल ठेवल्या तर ती ३०० घरं येतात आणि त्यांच्यासोबत गरज नसलेली ७०ही येतात. गावात ओरड होते : ‘बंगलेवाल्याला रेशन!’ सरकार अटी घट्ट करतं. दाखला हवा, आधार जोडणी हवी, बँक खातं हवं, पुन्हा पडताळणी हवी. ७०पैकी ५० गळतात. पण त्याच झटक्यात ३००पैकी ६० गरजूही गळतात. पहिल्या चुकीला अभ्यासक समावेशाची चूक म्हणतात, दुसरीला वगळण्याची. आकडे मी समजुतीपुरते घेतले आहेत. वागणूक मात्र खरी आहे.

गरजू का गळतो? बंगलेवाल्याकडे स्कूटर आहे, तहसील कचेरीत ओळख आहे, एजंटाला द्यायला पैसे आहेत. मजुराला दाखल्यासाठी एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ म्हटलं की दोन दिवसांची. कागद हे अडथळ्याचं काम करतात, पण ते अडवतात त्याला, ज्याच्यात तो ओलांडायचं बळ सगळ्यात कमी आहे.

यातली खरी मेख अशी की या दोन चुका सारख्या दिसत नाहीत. बंगलेवाला यादीत असतो. त्याचं नाव वाचता येतं, त्याच्या घराचा फोटो वर्तमानपत्रात येतो. गळलेली म्हातारी कुठल्याच यादीत नसते. तिच्या बातमीला फोटो नसतो. म्हणून लोकांच्या मनात ‘बोगस लाभार्थी’ पक्का बसतो आणि वंचित राहिलेली गरजू बाई बसत नाही. मग मागणी एकाच दिशेने वाढते : चाळण अजून बारीक करा.

त्यात अटीच अवास्तव असल्या तर आणखी एक अनर्थ होतो. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंब ठरवताना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली गेली ती ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. शहरातल्या कुटुंबाचा हिशेब करा : महिन्याला ५,००० रुपयेही नाहीत. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई आणि बिगारी नवरा मिळून यापेक्षा जास्त कमावतात. निराधार योजनेची मर्यादा तर वर्षाला २१,००० रुपये होती, महिन्याला १,७५०. एवढ्यात कोण जगतं? मग दाखल्यावर खोटा आकडा लिहिला जातो. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं, सही करणाऱ्यालाही. जी माणसं कुठल्याही शहाण्या मापाने गरीबच आहेत, ती कागदावर खोटारडी ठरतात आणि आपण त्यांना बोगस म्हणायला मोकळे होतो. हा डाग लाभार्थ्यांवर नव्हे, मर्यादा ठरवणाऱ्यांवर पडायला हवा.

रांगेत कोण उभं आहे?

माझ्या लहानपणी, १९८०च्या दशकात, रेशनची रांग ही सगळ्या चाळीची होती. साखर आली, पामतेल आलं, की निरोप खोलीखोलीतून फिरायचा. शिक्षकाची बायको, गिरणीकामगार, बँकेतला कारकून, सगळे पिशव्या घेऊन एकामागे एक. मापात कमी दिलं तर पहिला आवाज चढवायचे ते निवृत्त हेडमास्तर. दुकानदाराला त्यांची भीती होती, कारण ते शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार करत आणि पोच घेऊन येत.

१९९७मध्ये केंद्राने धोरण बदललं. स्वस्त धान्य सगळ्यांना न देता दारिद्र्यरेषेखालच्यांवर लक्ष द्यायचं ठरलं. महाराष्ट्रात १९९९पासून तीन रंगांची कार्डं आली : वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त उत्पन्नाला पांढरं. पांढऱ्या कार्डावर धान्य नाही. ते कपाटात गेलं, पत्त्याचा पुरावा म्हणून.

हेतू वाईट नव्हता. पैसा थोडा आहे, तो गरजूंनाच मिळावा, असं कुणालाही वाटेल. पण रांगेतून हेडमास्तर गेले. तक्रार लिहिणारा हात गेला. धान्यात किडे निघाले तरी आता ओरडणारे होते ते असे, ज्यांचं कुणी ऐकत नाही. दर्जा घसरला आणि ‘रेशनचा तांदूळ’ हा शब्दच हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. शिवाय ज्याला त्या दुकानातून काहीच मिळत नाही, त्याने त्या दुकानावर कराचा पैसा का खर्चू द्यावा? रांगेतून बाहेर पडलेला माणूस दहा वर्षांत रांगेचा टीकाकार झाला. तमिळनाडूने सर्वांसाठी रेशन चालू ठेवलं. तिथे रेशन दुकान हा साऱ्या मतदारांचा विषय आहे आणि त्याला हात लावण्याआधी कुठलाही पक्ष दहादा विचार करतो.

२०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने चाळण पुन्हा रुंद केली. देशात ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य, हा कायदेशीर हक्क झाला. तेव्हा तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत झालं. महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोक या कायद्याच्या कक्षेत आले. आकडा मोठा आहे. तरी मनातला रंगभेद गेलेला नाही.

एसटीचं पाहा. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. त्याआधी ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला. वाहक बाईला उत्पन्न विचारत नाही. शेतमजूर बाई आणि तालुक्याला निघालेली प्राध्यापिका एकाच बाकावर बसतात, यंत्रातून दोघींना सारखंच तिकीट निघतं. कुणी कुणाकडे वळून पाहत नाही. सरकारी तिजोरीतून एसटीला भरपाई जाते. पैसा तिथेही कराचाच आहे. पण तिथे ‘ते’ आणि ‘आपण’ अशी रेघ ओढलेली नाही.

नावात काय आहे? बरंच काही

अमेरिकेत लोकांची मतं मोजणारी एक जुनी, प्रतिष्ठित पाहणी आहे. १९८०च्या दशकापासून तिच्यात एक प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला गेला. काही लोकांना विचारलं, ‘वेल्फेअर’वर सरकार पुरेसा खर्च करतं का? इतरांना विचारलं, गरिबांच्या मदतीवर सरकार पुरेसा खर्च करतं का? विषय एकच. पहिल्या प्रश्नाला ‘खर्च कमी पडतो’ म्हणणारे सुमारे पाव निघाले, दुसऱ्याला जवळपास दोन तृतीयांश. ‘वेल्फेअर’ हा शब्द तिथे आळशीपणा, फसवणूक आणि वर्णद्वेष यांच्याशी इतका चिकटला होता, की तो कानावर पडताच माणसाचा हात आखडत होता.

आपल्याकडे ते काम ‘फुकट’ आणि ‘रेवडी’ हे शब्द करतात. मुलांना शाळेत मिळणारी खिचडी ‘पोषण आहार’ म्हटली की चांगली वाटते. तीच ‘फुकटचं जेवण’ म्हटली की खटकते.

अमेरिकेतल्याच राज्यशास्त्रज्ञ सुझान मेटलर यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्या लोकांना त्यांनी विचारलं, तुम्ही कधी सरकारी योजनेचा लाभ घेतला आहे का? १००तल्या ६० जणांनी ‘कधीच नाही’ असं सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो लाभ वाटतच नव्हता, कारण त्यासाठी रांग नव्हती, अंगठा नव्हता. फक्त फॉर्मवर एक आकडा कमी झाला होता.

आपल्या घरात डोकावू. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याचे त्यातून ६०,००० रुपये वाचतात, म्हणजे महिन्याला ५,०००. सरकारने न घेतलेला पैसा हाही सरकारने दिलेलाच पैसा असतो. तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही सारखे. या मदतीला आपण ‘टॅक्स प्लॅनिंग’ म्हणतो. चारजणांच्या कुटुंबाला महिन्याला मिळणारं २० किलो धान्य मात्र सगळ्या गल्लीला दिसतं. पिशवीतून, खांद्यावरून, उघड्यावर.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे योजनांवर बोलायचंच नाही का? बोलायलाच हवं. जुलै २०२४पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी रुपये सांगितला गेला. आधी चाळण सैल होती, अर्ज भराभर मंजूर झाले. निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली आणि लाखो महिला अपात्र ठरल्या. संताप झाला, पण तो बहुतेक त्या बायकांवर निघाला.

१९७०च्या दशकातल्या महाराष्ट्राशी तुलना करा. रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला, विक्रीकरावर अधिभार घेतला, वाहनकर वाढवला, बागायती जमिनीवर आकारणी बसवली; या करांतून जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची, असं ठरलं. कोण देणार आणि कुणाला मिळणार, हे विधिमंडळात उघड मांडलं गेलं. आज नवी योजना जाहीर करताना पैसा कुठून येणार, कुठला खर्च मागे पडणार, हे सांगितलं जात नाही. हा प्रश्न अर्थमंत्र्यांना विचारायचा आहे. तो १,५०० रुपयांतून मुलीचं दप्तर आणि गॅसची टाकी भागवणाऱ्या बाईला विचारून काय उपयोग?

अंगठा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रास्त भाव दुकान आहे. महिन्याच्या सुरुवातीला तिथे एक आजी येतात. चाळीस वर्षं लोकांची भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार गेल्या आहेत. ई-पॉस यंत्रावर त्या अंगठा ठेवतात, यंत्र नाकारतं. पदराला बोट पुसून पुन्हा ठेवतात. दुसरं बोट, मग तिसरं. मागची रांग चुळबुळते. एकदा दुकानदार म्हणाला, ‘आजी, मुलाला पाठवा.’ त्यांना मुलगा नाही. त्या रिकामी पिशवी घडी करून परत निघाल्या. त्या महिन्याच्या हिशेबात त्यांचं न उचललेलं धान्य ‘शिल्लक’ दिसलं असणार आणि कुणीतरी त्याला बचत म्हटलं असणार.

बोटाचा ठसा जुळला नाही, एवढ्या कारणावरून पात्र माणसाला धान्य नाकारता येत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७मध्ये राज्यांना तशा लेखी सूचना दिल्या आहेत. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य द्यायचं आहे. दुकानदाराला हे माहीत नसेल तर सांगा. ऐकलं नाही तर रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. तुमच्या ओळखीत अशा कुणी आजी असतील तर पुढच्या महिन्यात त्यांच्यासोबत रांगेत उभे राहा आणि जुन्या हेडमास्तरांसारखी तक्रारीची पोच घेऊनच घरी या.